वाचकांचे प्रश्न : रत्नागिरीतले पुरुष कुठे गेले?

प्रश्न : शाळेच्या प्रकल्पासाठी २०११च्या जनगणनेचे आकडे काढले. यवतमाळ जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ९५२ स्त्रिया, रत्नागिरीत मात्र १,१२२! ही छपाईची चूक, की तिकडे मुलीच जास्त जन्मतात? आणि आपल्या तिपटीहून जास्त पाऊस पडूनही लोक गाव का सोडतात?
— एक शिक्षक, ता. दारव्हा

उत्तर : चूक नाही. पुरुष ७,६१,१२१, स्त्रिया ८,५३,९४८. स्त्रियांच्या संख्येला पुरुषांच्या संख्येने भागून हजाराने गुणा, १,१२२च येतात. मुली जास्त जन्मतात म्हणावं, तर ० ते ६ वयोगटाचा रकाना बघा. तिथे मुली मुलांपेक्षा कमीच आहेत. म्हणजे पुरुष कमी होतात ते पुढे, कमावत्या वयात.

मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीत झाली. तो सगळा काळ जो गावाबाहेर, तो जिथे राहतो तिथे मोजला जातो. चाकरमानी तेव्हा मुंबईत. हीच मोजणी गणपतीत केली असती, तर आकडा बराच खाली आला असता! मुंबई शहर जिल्ह्यात हजारी ८३२ स्त्रिया. अर्थात तिथे भर घालणारे पुरुष एकट्या कोकणातले नाहीत.

ही वाट जुनी आहे. मुंबईत १८५४ साली पहिली कापड गिरणी निघाली आणि पुढे गिरणगाव रत्नागिरीकरांनी भरलं. घरची शेती बायकांवर आली.

आता पाऊस. आपली काळी जमीन ओल धरते. खरीप निघाल्यावर त्याच ओलीवर हरभरा येतो. कोकणात खाली सच्छिद्र जांभा, वर लाल मातीचा पातळ थर, आणि सह्याद्री ते समुद्र अंतर जेमतेम ४०-५० किलोमीटर. पाणी मुरतं, झिरपतं, उताराने खाडीला जातं. एप्रिलमध्ये विहिरी तळाला आणि वाडीत टँकर. भात फक्त खोलगट भागात, उतारावर नाचणी-वरी. सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळपठारावर, नुसतं गवत. त्यात खोत म्हणजे गावचा सारा वसूल करणारा वतनदार. १९४९च्या कायद्याने ही खोती जाईपर्यंत पिकाचा मोठा वाटा त्याच्याकडे जाई. नागपूर-भंडाऱ्याकडचा मालगुजार आठवा.

प्रकल्पात एक घोळ हमखास होतो. सिंधुदुर्ग १ मे १९८१ला वेगळा झाला. जुन्या तक्त्यांत तो रत्नागिरीतच आहे. लांबची तुलना करायची तर अलीकडच्या वर्षांत दोन्ही जिल्ह्यांची बेरीज घ्या. २००१ ते २०११ ही तुलना मात्र सरळ करता येते : रत्नागिरी १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली. सिंधुदुर्गही घटला.