जाहिरातीतलं वाफेचं इंजिन कसं ओळखायचं

रंग आणि नावाची पाटी आधी विसर. जाहिरातवाले दोन्ही बदलतात. चित्र थांबव आणि चाकं मोज, फक्त एका बाजूची. पुढे दोन छोटी, मध्ये तीन मोठी, मागे एक छोटं दिसलं तर दोन्ही बाजू धरून ते चार-सहा-दोन झालं, म्हणजे पुढे चार, मध्ये सहा, मागे दोन चाकं. त्यात तोंड बंदुकीच्या गोळीसारखं फुगीर असेल तर ते डब्ल्यूपी जातीचं, १९४७ पासून आपल्याकडे आलेलं. मोठी चाकं चार असतील तर बहुतेक मालगाडीचं, डब्ल्यूजी किंवा वायजी.

मग रूळ बघ. जातीच्या नावातलं पहिलं अक्षर गेजचं, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराचं असतं: डब्ल्यू ब्रॉडगेज, वाय मीटर, झेड ७६२ मिलिमीटरची नॅरो. आपल्या मिरजेत एकेकाळी हे तिन्ही गेज होते, लातूरकडे जाणारी बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी तर घराघरात ठाऊक होती. तिथल्या जुन्या माणसांना चित्र दाखव, ते मापाचा अंदाज लगेच सांगतात.

आणि हो, इंजिनावरचे अंक उलटे दिसतात का तेही पाहा. चित्र आरशासारखं फिरवलेलं असतं कधीकधी. गोष्ट सातारच्या घाटातली दाखवली तरी इंजिन हरियाणातल्या रेवाडीच्या वाफेच्या इंजिनांच्या शेडमधलं असू शकतं, चित्रीकरणाला तिथली चालू इंजिनं देतात.