प्रोफेसर म्हणतात, पैसे मात्र वर्गामागे

प्रश्न : ताई, मे महिन्यात कॅलिफोर्नियात माझं इंग्लिशचं एमए संपतंय, मग ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर स्टुडंट व्हिसावरच वर्षभर काम करायची परवानगी. इथल्याच एका कम्युनिटी कॉलेजने फॉल सेमिस्टरसाठी रायटिंगचे दोन वर्ग देऊ केलेत, अ‍ॅडजंक्ट म्हणजे करारावरची पार्टटाइम शिक्षिका म्हणून. शिकवायला मनापासून आवडतं पण सिनियर मुली म्हणतात यात पडू नकोस, अडकशील. घरी तर आईने ‘प्रोफेसर झाली’ म्हणून सगळ्यांना सांगूनही टाकलंय! घेऊ का? पुढे चार-पाच वर्ग मिळाले तर भागेल ना?

उत्तर : घे गं, पण एका वर्षासाठी घे आणि सगळं विचारून सवरून घे.

आधी हिशोब. वर्गात 25 मुलं धर, सेमिस्टरला चार निबंध, एकेकाला वीस मिनिटं, म्हणजे एका वर्गाचे 33 तास नुसते तपासण्यात गेले, आणि ड्राफ्ट न वाचता रायटिंग शिकवणार कसं, म्हणजे ते दुप्पट, आणि तुझे वर्ग दोन. रात्री अकराला ‘प्रोफेसर, माझी फाइल अपलोड होत नाहीये’ अशा मेल येतात त्या वेगळ्याच. पैसे बहुतेक ठिकाणी वर्गातल्या तासांवर ठरतात, बाकी सगळं त्यातच धरलेलं. रायटिंग शिकवणाऱ्यांची मोठी संघटना आहे, सीसीसीसी, ती म्हणते वर्गात 20 च्या वर मुलं नकोत, 15 असली तर उत्तम. तेव्हा दर विचारायच्या आधी वर्गात मुलं किती ते विचार.

चार-पाच वर्गांचं म्हणशील तर एकाच ठिकाणी ते मिळणार नाहीत. कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजच्या एका डिस्ट्रिक्टमध्ये (म्हणजे एकाच कारभाराखालच्या कॉलेजांत) पार्टटाइमरला फुलटाइम शिक्षकाच्या कामाच्या 67 टक्क्यांवर काम देता येत नाही, कायदाच आहे तसा. म्हणून लोक सकाळी एका कॉलेजात, दुपारी तिसऱ्याच गावात, मधला वेळ गाडीत. त्यांना फ्रीवे फ्लायर म्हणतात, आणि तुझ्या सिनियर मुली घाबरवतायत ते यामुळेच, उगाच नाही. शिवाय मुलं कमी आली की वर्ग रद्द, किंवा फुलटाइम शिक्षकाचा वर्ग भरला नाही की तुझा त्याला, तेही कधीकधी सेमिस्टर सुरू व्हायच्या तोंडावर. रद्द झाला तर काही भरपाई आहे का ते करारात बघ, युनियन असेल तर आधी त्यांना गाठ.

आता व्हिसा, हे नीट वाच. ओपीटीवर आठवड्याला किमान 20 तास काम दिसायला हवं आणि बेकारीचे एकूण 90 दिवस, त्यावर नाही. वर्गातले तास तर सहा-आठच होतील, तेव्हा तयारी आणि तपासणी धरून आठवड्याचे तास किती हे कॉलेजकडून लेखी घे आणि ते चालेल का हे तुझ्या डीएसओला (युनिव्हर्सिटीतल्या व्हिसाचं बघणाऱ्या अधिकाऱ्याला) विचार, मैत्रिणींना नको. ओपीटीची सुरुवातीची तारीख कोर्स संपल्यापासून 60 दिवसांच्या आतली घेता येते, वर्ग ऑगस्टमध्ये असतील तर ती जितकी पुढची घेशील तितके दिवस वाचतील. विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना ओपीटी वाढवून मिळते ते स्टेमचं एक्स्टेन्शन इंग्लिशला नाही, आणि अ‍ॅडजंक्टसाठी एच-1बी हा नोकरीचा व्हिसा स्पॉन्सर करणारं कॉलेज मिळणं महाकठीण. (आईला हे सगळं सांगायची गरज नाही.)

म्हणून पहिली सेमिस्टर चालू असतानाच ऑक्टोबरपासून अर्ज टाकायला लाग. रायटिंग सेंटर, टेक्निकल रायटिंग, आणि फुलटाइम शिकवण्याच्या जागाही, त्यांच्या जाहिराती हिवाळ्याच्या आसपास येतात. त्या अर्जांना सिलॅबस आणि मुलांचे फीडबॅक फॉर्म लागतात, ते दर सेमिस्टरला स्वतःकडे कॉपी करून ठेव, कारण करार संपला की कॉलेजचं लॉगिनही बंद होऊ शकतं.