माळ्यावर सापडलेला जुना टीव्ही गेम पुन्हा चालू होईल का? आणि चाळिशीत तो खेळण्यात मजा उरते का?

तुम्ही लिहिलंय की चिपळूणच्या घरी माळा आवरताना नव्वदच्या दशकातला कॅसेटचा टीव्ही गेम आणि नंतर घेतलेला सोनीचा पीएस-टू (प्लेस्टेशन २, डिस्कवर चालणारा) सापडला. दोन्ही बहुधा चालू होतील. अजून प्लग लावला नसेल तर मात्र थांबा. अशी यंत्रं पडून पडून मरतात त्यापेक्षा जास्त घरात हाताला लागेल तो अडॅप्टर खुपसल्यामुळे मरतात.

आपल्याकडे लिटल मास्टरसारख्या नावांनी विकले गेलेले संच म्हणजे निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या १९८३ सालच्या फॅमिकॉम या गेम-यंत्राच्या नकला. पॉवरच्या भोकाशेजारी बारीक चिन्ह असतं: मधे ठिपका, भोवती अर्धगोल, एका बाजूला अधिक आणि दुसऱ्या बाजूला वजा. आजच्या बहुतेक अडॅप्टरची मधली पिन अधिक असते. खऱ्या फॅमिकॉमची वजा होती, आणि बऱ्याच नकलांनीही तेच उचललं. म्हणून आधी चिन्ह जुळवा, मग व्होल्ट बघा (बहुतेक ठिकाणी ९). जुना, जड, ट्रान्सफॉर्मरवाला अडॅप्टर नुसताच मल्टिमीटरला लावला तर १२-१३ व्होल्ट दिसतील. घाबरू नका, यंत्र जोडून लोड आला की ते खाली येतात. शिवाय आत ७८०५ नावाची तीन पायांची आयसी असते, ती त्याचे ५ व्होल्ट करते. ती गेलेली असली तर चहाच्या पैशांत नवी येते. पुण्यात तापकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड. बोर्डावरचा काळा गोळा, म्हणजे मुख्य चिप, गेला असेल तर मात्र त्या बोर्डाचा नाद सोडा.

आता कॅसेट. आपण सगळ्यांनी तिच्यात फुंकर मारलीय. गेम चालू व्हायचा तो फुंकरीने नव्हे, कॅसेट काढून पुन्हा नीट बसल्यामुळे. उलट तोंडातल्या ओलाव्याने पट्ट्या गंजतात, आणि तुमच्या कोकणात हवाच ते काम बारा महिने करते. मेडिकलमध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं. त्यात कापसाची काडी भिजवून कॅसेटच्या सोनेरी पट्ट्या उभ्या दिशेने पुसा. पहिली काडी काळी-हिरवी निघते, पुढच्या हळूहळू पांढऱ्या येतात. पांढरी येईपर्यंत थांबू नका. मग तीच कॅसेट किंचित ओली असताना, पॉवर बंद ठेवून, खाचेत दोन-चारदा आत-बाहेर करा म्हणजे खाचेतल्या पिनाही साफ होतात. पूर्ण वाळू द्या आणि मगच चालू करा. रिमोटचं बटण दाबून लागत नसेल तर स्क्रू काढून बटणाखालचं काळं रबर त्याच अल्कोहोलने हलकेच पुसा. वायर बहुधा रिमोटच्या तोंडाशीच आतून तुटलेली असते. तेवढा तुकडा कापून पुन्हा सोल्डरचा डाग मारला की झालं.

पीएस-टू ‘डिस्क रीड एरर’ दाखवत असेल तर लगेच लेन्स बदलायला धावू नका. आपल्याकडे बहुतेकांकडे कॉपी केलेल्या डीव्हीडी होत्या, आणि त्यांचा आतला रंगाचा थर वर्षांनुवर्षांत उतरतो. एखादी मूळ छापील डिस्क कुणाकडून तरी आणून आधी ती लावून बघा. तीही चालली नाही तर लेन्स पुसा. सोनीने हे मशीन बनवणं २०१३ च्या सुमारास थांबवलं, पण ते इतकं खपलंय की सुटे भाग अजून मिळतात.

टीव्हीचं थोडक्यात: नव्या एलईडीला पिवळी-पांढरी-लाल जॅक नसली तर एव्हीचं एचडीएमआय करणारा डबा लागतो, आणि टीव्ही ‘गेम मोड’वर ठेवा, नाहीतर उडी उशिरा लागते. बदकं मारायची बंदूक त्यावर चालणार नाही. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. बंदुकीतला सेन्सर नेमका त्याच क्षणी तो उजेड शोधतो. नवा टीव्ही चित्र उशिरा दाखवतो, त्यामुळे प्रत्येक नेम चुकलाच. जुना डबा टीव्ही असेल तर जपून ठेवा, पण उघडू नका. प्लग काढल्यावरही पिक्चर ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट साठून राहू शकतात.

राहिला मजेचा प्रश्न. माझ्या मते हे गेम चाळिशीतल्या माणसासाठीच बनल्यासारखे आहेत. पहिल्या सुपर मारिओला मिळून जागाच ४० केबी होती. एवढ्यात लांबलचक गेम बसणं शक्य नव्हतं, म्हणून तो छोटा आणि कठीण केला. अपडेट नाही, लॉगिन नाही, रोज हजेरी लावायची सक्ती नाही. जेवण झाल्यावर अर्धा तास कॉन्ट्रा (गोळीबाराचा गेम) खेळायचा आणि बंद करायचा. पन्नास-पन्नास तासांचे नवे गेम मी विकत घेतो आणि ते तसेच पडून राहतात, हे खुलं गुपित आहे. कॅसेटवरच्या ‘९९९९ गेम’च्या मोहात मात्र पडू नका. खरे गेम मूठभर, बाकी तेच गेम वेगवेगळ्या लेव्हलपासून.

हात पूर्वीसारखा चालत नाही, ते गृहीत धरा आणि कोड (ठरावीक क्रमाने बटणं दाबून मिळणारी सूट) बिनदिक्कत वापरा: वर वर खाली खाली, डावं उजवं डावं उजवं, बी ए. कॉन्ट्रात ३० जीव मिळतात. हा कोड कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६ च्या ग्रॅडियस या गेमसाठी घातला, कारण तपासणी करताना आपलाच गेम त्यांना झेपत नव्हता. आपण कशाला लाजायचं?

आणि संच पुन्हा माळ्यावर टाकू नका. टीव्हीखाली वायरी जोडूनच ठेवा, वर एक कापड आणि शेजारी सिलिका जेलच्या दोन पुड्या. जोडायचा कंटाळा आला की खेळणं संपलंच. दुसरा रिमोटही दुरुस्त करून घ्या, कॉन्ट्रा एकट्याने खेळायचा गेम नाही.