पेटी येते, लॅपटॉप आहे. घरी गाणी करायला कोणता मिडी कीबोर्ड घ्यावा, आणि आवाज मागून का येतो?

तुम्ही पेटी वाजवता, विंडोज लॅपटॉपवर अभंग आणि भावगीतांचे ट्रॅक करायचेत, २५ पट्ट्यांचा छोटा कीबोर्ड घ्यावा की ४९ चा हे ठरत नाहीये. आणि मित्राच्या कीबोर्डवर वाजवून पाहिलं तेव्हा पट्टी दाबल्यावर सूर मागून येत होता, म्हणून तो कीबोर्डच खराब असावा असं तुम्हाला वाटतंय. खरेदी त्या शंकेवर अडली आहे, म्हणून आधी तीच सोडवू.

कीबोर्ड खराब नाही. मिडी कीबोर्डमधून आवाज निघतच नाही. कोणती पट्टी, किती जोरात, कधी सोडली एवढाच निरोप तो यूएसबीतून पाठवतो. सूर तयार करतो लॅपटॉप. उशीर होतो तो लॅपटॉपच्या ऑडिओ बफरमुळे, म्हणजे आवाज बाहेर सोडण्याआधी लॅपटॉप तो थोडा साठवून घेतो त्यामुळे. ४४,१०० च्या सॅम्पल रेटवर (सेकंदाला आवाजाचे तेवढे नमुने) १२८ नमुन्यांचा बफर म्हणजे सुमारे २.९ मिलिसेकंद, २५६ म्हणजे ५.८, ५१२ म्हणजे ११.६ आणि १०२४ म्हणजे २३ च्या वर. त्यात ड्रायव्हर आपली थोडी भर घालतो. एकूण १० च्या आत असेल तर हाताला कळत नाही, २० च्या पुढे गेलं की द्रुत लयीत बोटं अडखळायला लागतात.

विंडोजवर सॉफ्टवेअर नुसतं उघडून वाजवायला बसलं तर ते बहुतेक वेळा विंडोजच्या साध्या ऑडिओ ड्रायव्हरवर चालतं आणि तिथेच उशीर वाढतो. त्याऐवजी आसिओ (ASIO) हा कमी उशिराचा ऑडिओ ड्रायव्हर निवडायचा. ऑडिओ इंटरफेस (माइक-हेडफोन जोडायचा बाहेरचा डबा) असेल तर त्याच्या कंपनीचा आसिओ त्यांच्या साइटवरून घ्या. नसेल तर आसिओ-फॉर-ऑल हा फुकट ड्रायव्हर तात्पुरता पुरतो. रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर वापरत असाल (६० दिवस पूर्ण चालतं, नंतर परवाना घ्यावा लागतो) तर ऑप्शन्समध्ये प्रेफरन्सेस, त्यात ऑडिओखाली डिव्हाइस, तिथे आसिओ. बफर २५६ वर ठेवून वाजवा, आवाज स्वच्छ असेल तर १२८ करून पाहा. कटकट ऐकू आली की एक पायरी वर. रेकॉर्डिंग संपून मिक्सिंग सुरू झालं की १०२४ करा, तेव्हा उशिराने काही बिघडत नाही.

हे सगळं करूनही सूर मागूनच येत असेल तर कानात काय आहे ते बघा. ब्लूटूथ हेडफोन असतील तर बफर कितीही कमी करा, उपयोग शून्य. ब्लूटूथचा स्वतःचा उशीरच साधारण १०० ते २०० मिलिसेकंदांचा असतो. वायरचा हेडफोन लावा. माझ्या मते अशा तक्रारींतल्या निम्म्या इथेच मिटतात. आणि बफर मोठा असूनही कटकट होत असेल तर लेटन्सीमॉन हे फुकट साधन दहा मिनिटं चालवा. कोणता ड्रायव्हर अडवतोय ते ते नावासकट दाखवतं. बऱ्याचदा वायफायचा निघतो. रेकॉर्डिंगपुरतं वायफाय बंद ठेवा आणि लॅपटॉप चार्जरवर, हाय परफॉर्मन्सवर चालवा.

आता कीबोर्ड. पेटीवाल्याने २५ चा घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. साडेतीन सप्तकांच्या पेटीला ४२ पट्ट्या असतात, २५ म्हणजे जेमतेम दोन सप्तकं. त्यातून अकाईच्या एमपीके मिनीसारख्या मॉडेलच्या पट्ट्या आकारानेही लहान. पेटीवर बसलेलं बोटांचं अंतर तिथे चुकतं. बीट्स करणाऱ्यासाठी तो उत्तम आहे, त्याचे पॅड छान आहेत, पण तुमचं काम वेगळं. ४९ पूर्ण आकाराच्या पट्ट्या, पिच (सूर वाकवणारं) आणि मॉड्युलेशन अशी दोन चाकं, सस्टेन पेडलचं भोक, एवढं असलं की पुरे. एम-ऑडिओ कीस्टेशन ४९ हा त्या जातीचा साधा गडी. पैसे थोडे जास्त असतील तर नेक्टर किंवा नोव्हेशनचे ४९ वाले बघा, त्यांत फिरवायच्या खुंट्या आणि फेडर मिळतात. पियानोसारख्या जड पट्ट्या तुम्हाला नकोत. पेटीची सवय असलेल्या हाताला हलकी पट्टीच बरी.

चाकांवर जोर देतोय त्याला कारण आहे. पेटीचा आवाज पट्टी किती जोरात दाबली यावर ठरत नाही, भात्यावर ठरतो. मिडी कीबोर्ड मात्र प्रत्येक पट्टीचा जोर १ ते १२७ मध्ये मोजून पाठवतो. त्यामुळे पेटीच्या सवयीने वाजवलं की एक सूर ठणकतो आणि पुढचा बसतो. उपाय असा: पेटीच्या ट्रॅकवर व्हेलॉसिटी, म्हणजे हाच जोर, एकाच आकड्यावर बांधून टाका (कीबोर्डच्या सेटिंगमध्ये 'फिक्स्ड' असा पर्याय असतो, १०० ठेवा) आणि भात्याचं काम डाव्या हाताने मॉड्युलेशन चाकावर करा. चाक मुळात सीसी १ पाठवतं (सीसी म्हणजे मिडीतले नियंत्रणाचे क्रमांक). ते वाद्याच्या प्लगइनमध्ये (सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्राम) सीसी ११, म्हणजे एक्स्प्रेशन, याला जोडा. सीसी ७ ला जोडू नका, ती ट्रॅकची ढोबळ पातळी असते आणि मिक्सिंगच्या वेळी तुमच्याच वाटेत येते. चाक पूर्ण खाली जाऊ न देता ४० ते ११० मध्ये फिरवलं की भात्याचा श्वास बऱ्यापैकी जमतो.

वाद्यांचं म्हणाल तर सुरुवातीला खर्च करू नका. पियानोसाठी सॅलमँडर ग्रँड, यामाहा सी५ वरून घेतलेले सॅम्पल (खऱ्या वाद्याच्या सुरांची रेकॉर्डिंग), फुकट. तंतुवाद्यांच्या पार्श्वभूमीसाठी स्पिटफायरचं बीबीसी सिंफनीचं डिस्कव्हर हलकं आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. सिंथसाठी सर्ज एक्सटी आणि व्हायटल. भारतीय वाद्यांत फुकटात धड काही मिळत नाही. पैसे घालायचे तर इथेच घाला. स्वर सिस्टम्सचं स्वरप्लग आहे, कॉन्टॅक्ट या सॅम्पल वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालणारी पॅकही आहेत. मात्र कॉन्टॅक्टचं पॅक घेताना ते फुकटच्या कॉन्टॅक्ट प्लेअरमध्ये चालतं की पूर्ण कॉन्टॅक्ट लागतं हे पैसे देण्याआधी वाचा. पूर्ण कॉन्टॅक्टसाठी केलेलं पॅक प्लेअरमध्ये उघडतं, वाजतं, आणि १५ मिनिटांनी गप्प होतं. तानपुरा मिडीने वाजवायच्या फंदात पडू नका, तुमच्या पट्टीत लावलेल्या तानपुऱ्याचं सलग रेकॉर्डिंग ऑडिओ ट्रॅकवर टाका.

पट्टीवरून आठवलं. गायक काळी एकमध्ये गाणार आणि तुम्ही पांढरी एकमध्ये वाजवणार, म्हणून कीबोर्डवर ट्रान्सपोज एकने वाढवाल. पेटी बरोबर वाजेल. मग तबल्याच्या ट्रॅकवर जाल आणि 'ना'च्या पट्टीवर भलताच बोल येईल, कारण ट्रान्सपोज कीबोर्डमध्येच झाल्याने तबल्याची मांडणीही एक पट्टी सरकली. म्हणून ट्रान्सपोज कीबोर्डवर नको, फक्त सुराच्या ट्रॅकवर करा. रीपरमध्ये त्यासाठी छोटं मिडी ट्रान्सपोज प्लगइन आयतं असतं, ते वाद्याच्या आधी ठेवायचं.

तबला हाताने भरताना केरव्याचं उदाहरण घ्या: धा गे ना ती, न क धी न. आठ बोल, चार-चारच्या एका बारमध्ये आठ समान घरांत. पॅकमध्ये 'धा' वेगळा नसेल तर तबल्याचा ना आणि डग्ग्याचा गे एकाच घरात टाका. जोर सुरुवातीला असा ठेवा: ११०, ७०, ८५, ७५, ६०, ५०, १००, ७०. सगळे १०० ठेवले तर शिलाई मशीन चालल्यासारखं वाटेल. क्वांटाइज (बोल आपोआप घरावर सरकवणं) शंभर टक्के न करता ६० ते ७० टक्क्यांवर थांबा, सम तेवढी नेमकी घरावर आणा. डग्ग्याचा घिस्सा पिचच्या चाकाने काढता येतो, पण पिच बेंड त्या चॅनलवरच्या सगळ्या आवाजांना लागतो. डग्ग्याबरोबर वरचा तबलाही वाकतो आणि हास्यास्पद ऐकू येतो. म्हणून तबला एका ट्रॅकवर, डग्गा दुसऱ्यावर, एकच वाद्य दोनदा उघडून.

बासरी किंवा सारंगीच्या मींडेसाठी पिच बेंडची मर्यादा मुळात वर-खाली दोन-दोन अर्धस्वर असते. सा ते प सात अर्धस्वर. ही मर्यादा कीबोर्डमध्ये बदलत नाही, वाद्याच्या प्लगइनमध्ये बदलते. तिथे ७ करा. १२ केलं तर चाकाच्या जराशा हालचालीने सूर भरकटतो. चाकापेक्षा सिंथमध्ये मोनो (एका वेळी एकच सूर) आणि लेगाटो (जोडून वाजवणं) चालू करून ग्लाइड, म्हणजे सरकायला लागणारा वेळ, ८० मिलिसेकंदांच्या आसपास ठेवणं पेटीवाल्याला सोपं जातं: पहिली पट्टी न सोडता दुसरी दाबली की सूर सरकतो, सोडून दाबली की सरकत नाही.

किरकोळ कटकटी. प्रत्येक सूर दोनदा वाजत असेल तर बहुतेक कीबोर्डची दोन पोर्ट एकाच वेळी चालू आहेत. दुसरं पोर्ट नुसतं बटणांसाठी असतं, प्रेफरन्सेसमध्ये मिडी इनपुटच्या यादीत ते बंद करा. मीटर हलतोय पण आवाज नाही, तर ट्रॅकवर रेकॉर्ड आणि मॉनिटर दोन्ही चालू आहेत का पाहा. सस्टेन पेडल उलटं चालत असेल, म्हणजे पाय उचलल्यावर सूर लांबत असेल, तर कीबोर्डची यूएसबी काढा, पेडलवर पाय न ठेवता परत लावा. बरेच कीबोर्ड सुरू होतानाच पेडलची दिशा ओळखतात. एखादा सूर अडकून पडला तर सॉफ्टवेअरमधलं 'ऑल नोट्स ऑफ'. आणि स्वस्त हबमधून जोडू नका, थेट लॅपटॉपच्या यूएसबीला लावा.

जुना कीबोर्ड घेणार असाल तर लॅपटॉप घेऊनच जा. प्रत्येक पट्टी एकदा हलकी, एकदा जोरात दाबा आणि मिडी एडिटरमध्ये आकडे बघा. हलक्या दाबालाही १२७ देणारी पट्टी आतून गेलेली असते. पिचचं चाक सोडल्यावर बरोबर शून्यावर येतं का तेही बघा. येत नसेल तर तो कीबोर्ड घेऊ नका, प्रत्येक सूर किंचित बेसूर लागेल.