पुण्याहून किनाऱ्याने गणपतीपुळ्यापर्यंत: जंगलजेट्ट्यांचा प्रवास कसा आखावा?

भाऊबीज उरकली की दुसऱ्या दिवशी कोथरूडहून निघायचं, अलिबागपासून किनारा धरून वाटेतल्या चारही जंगलजेट्ट्या (गाड्या आणि माणसं खाडीपलीकडे नेणाऱ्या बोटी) करत तिसऱ्या दिवशी गणपतीपुळं गाठायचं आणि चौथ्या दिवशी घरी. सोबत सत्तरी ओलांडलेले आईवडील आणि सहा वर्षांची मुलगी. जमेल का, असं तुम्ही विचारलंय. जमेल, पण पहिली जेट्टी, म्हणजे आगरदांडा–दिघी, या खेपेला सोडा. अलिबाग-मुरुडचा वळसा आणि पाठोपाठ दोन खाड्या एकाच दिवशी म्हटल्या तर वेळासला पहिल्या मुक्कामी पोचेपर्यंत अंधार होईल, आणि आईवडिलांचे हाल होतील.

त्याऐवजी ताम्हिणीने उतरा. पौड, मुळशी, निजामपूर करत माणगाव, मग म्हसळ्यावरून थेट बागमांडला. तिथून सावित्रीच्या खाडीपलीकडे वेश्वी. म्हणजे रायगड जिल्हा संपला, रत्नागिरी सुरू. पुढे दाभोळ–धोपावे वाशिष्ठीवर आणि तवसाळ–जयगड शास्त्री नदीच्या मुखाशी. तीन दिवसांत तीन खाड्या, रोज एकच. हा हिशेब मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. नकाशावर ही अंतरं किरकोळ दिसतात, पण मोबाइलवरचा नकाशा फक्त पाण्यावरची मिनिटं धरतो. दिवाळीच्या सुट्टीत धक्क्यावर लागणारी गाड्यांची रांग त्यात नसते.

आता भरती-ओहोटी. ही बघितल्याशिवाय वेळा ठरवू नका. कोकणात यासाठी पाऊणपटीचा हिशेब चालतो: तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. ओहोटी त्याच्या साधारण सहा तास आधी आणि सहा तास नंतर. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण आखणीला पुरतो. तुम्ही तृतीयेला निघताय, म्हणजे भरती सव्वादोनला. चतुर्थीला तीन, पंचमीला पावणेचार. तिन्ही दिवस दुपारचं पाणी तुमच्या बाजूने आहे. सकाळी आठ-साडेनवाच्या दरम्यान मात्र ओहोटी, आणि अमावस्या नुकतीच झालेली असल्याने उधाणाची, म्हणजे पाणी नेहमीपेक्षा जास्त खाली गेलेलं. ओहोटीतही जेट्टी सहसा चालू असते. पण धक्क्याचा एरवी पाण्याखाली असणारा भाग उघडा पडतो, त्यावर शेवाळ आणि चिखल असतो, चाकं घसरतात. गाडी खालून बसकी असेल तर पुढचा बंपर बोटीच्या लोखंडी फळीला घासण्याचीही भीती असते. तेव्हा तिन्ही खाड्या दुपारी दीड ते साडेचारच्या दरम्यान ओलांडा आणि मुक्काम पलीकडे करा. सकाळी उठल्यावर पुढे खाडी नसली की आईवडिलांना निवांत आवरता येतं.

पहिल्या दिवशी सातच्या आत पुणं सोडा. माणगावला नाश्ता करून टाकी भरून घ्या, बागमांडल्याला एक-दीडपर्यंत पोचाल. हरिहरेश्वर अगदी जवळ आहे, दर्शन जरूर घ्या, पण देवळामागची खडकातली प्रदक्षिणा त्या वेळी करू नका. ती वाट भरतीच्या लाटांत येते आणि तिथे माणसं वाहून गेलेली आहेत. मुक्काम वेळास किंवा केळशीला. दुसऱ्या दिवशी आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती (गाडी वरपर्यंत जाते, वडिलांना चढावं लागणार नाही), हर्णै, दापोलीत जेवण आणि तीनच्या सुमारास दाभोळ.

दाभोळला गाडी चढवताना काय होतं ते सांगतो, कारण पहिल्यांदा जाणाऱ्याला धडधडतं ते तिथेच. बोट टेकते, लोखंडी फळी धाडकन काँक्रीटवर पडते, पलीकडून आलेल्या गाड्या आणि माणसं उतरतात. मग एक खलाशी तुमच्या गाडीसमोर उभा राहून हाताने खुणा करू लागतो. कधी सरळ घ्यायला सांगतो, कधी रिव्हर्समध्ये. त्या वेळी मागून कोणी काहीही ओरडलं तरी फक्त त्याच्या हाताकडे बघा. तो दोन गाड्यांमध्ये जेमतेम वीतभर जागा ठेवतो, म्हणून आईला आणि मुलीला गाडी चढण्याआधीच उतरवून चालत बोटीवर पाठवा. गाडी उभी राहिल्यावर दारं पुरती उघडत नाहीत. वडिलांचे गुडघे दुखत असतील तर ते आतच बसू देत, काचा खाली करा, हँडब्रेक ओढा आणि गाडी गिअरमध्ये ठेवा. मुलीचा हात मात्र कठड्यापाशी क्षणभरही सोडू नका.

तिकीट तिथल्या तिथे मिळतं, रोख आणि सुटे पैसे जवळ असू देत. आणि एक मनापासून विनंती. आपल्याला ही सहल असते, तिथल्यांचा तो रोजचा रस्ता आहे. दाभोळहून गुहागरला जमिनीवरून जायचं तर दापोली, खेड, चिपळूण असा शंभरावर किलोमीटरचा फेरा पडतो. २००३ साली इथे जेट्टी सुरू झाली, तेव्हापासून शाळा-कॉलेजची मुलं, मासळीच्या टोपल्या घेतलेल्या बायका, दवाखान्यात निघालेली माणसं याच बोटीने जातात. रांगेत त्यांच्यापुढे गाडी घुसवू नका, रुग्णवाहिका आली तर आपण होऊन बाजूला घ्या, आणि वेफर्सची पाकिटं खाडीत टाकू नका.

गुहागरला मुक्काम. तिसऱ्या दिवशी सकाळी व्याडेश्वराचं दर्शन, मग वेळणेश्वर, आणि अडीच-तीनला हेदवीची बामणघळ. चढत्या भरतीत त्या चिंचोळ्या घळीत पाणी शिरतं आणि उंच उसळतं. मुलगी कधी विसरणार नाही असं दृश्य आहे. लांबूनच बघा, खडक निसरडे असतात. हेदवीहून तवसाळ जवळ आहे. जयगडला उतरलात की मालगुंडवरून गणपतीपुळं. तवसाळला रांग फारच मोठी दिसली तर हटून बसू नका, मागे वळून राई-भातगावच्या पुलावरून शास्त्री ओलांडता येते. वेळ जास्त जातो, पण अंधारात धक्क्यावर ताटकळत बसण्यापेक्षा बरं.

परतीच्या दिवशी एकही खाडी ठेवू नका. गणपतीपुळ्याहून निवळी फाटा, संगमेश्वर, चिपळूण, मग कुंभार्ली घाट, कोयनानगर, पाटण आणि मल्हारपेठेवरून उंब्रज. तिथे पुणे-बंगळुरू महामार्ग लागतो. आंबा घाटाने कोल्हापूरही करता येईल, पण सुट्टी संपवून परतणाऱ्यांची गर्दी त्या महामार्गावर असतेच, आणि उंब्रजला चढलात तर कोल्हापूर ते कराडचा टप्पा तरी वाचतो. सकाळी सहाला निघा, म्हणजे कुंभार्ली ऊन चढायच्या आत पार होईल. आईंना घाट लागत असेल तर त्यांना पुढच्या सीटवर बसवा.