गळा, माईक आणि पट्टी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आफ्रिकेत जन्मलेला, कलकत्त्याच्या हॉटेलात गायलेला आणि पुढे लंडनमध्ये नाव काढलेला एक जाझ गायक होता म्हणे. तो कोण? त्याने स्वतःचा बँडही काढला होता का? (अंबाजोगाई)

तो अल बोली. जन्म एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, पोर्तुगीज मोझांबिकमधल्या लोरेंसो मार्केसचा, म्हणजे आजच्या मापुटोचा. वडील ग्रीक, आई लेबनानी. घर जोहान्सबर्गला हललं. तिथे तो न्हाव्याचं काम करायचा आणि तारा छेडायचा. १९२३ च्या सुमाराला पियानोवादक एडगर एडेलरच्या बँडबरोबर तो दौऱ्यावर निघाला. हिंदुस्थान झाला, डच ईस्ट इंडीज (आजचं इंडोनेशिया) झालं, मालकाशी बिनसलं आणि नोकरी गेली. मग जिमी लेक्वाइमच्या बँडमध्ये कलकत्त्याचं ग्रँड हॉटेल आणि सिंगापूरचं रॅफल्स.

त्या काळच्या बँडमध्ये गायकाची वेगळी खुर्ची नसे, हे आधी ध्यानात घ्यायला हवं. बोलीला गळ्यासाठी नव्हे, बँजो आणि गिटारसाठी घेतलेलं असे. तालाच्या रांगेत बसायचं आणि आपली ओळ आली की उठून गायचं. (हा बँजो म्हणजे आपल्या वरातीतल्या बँजो पार्टीचा नव्हे. आपला कळांचा बँजो बुलबुलतरंगाच्या घराण्यातला, आणि बुलबुलतरंगाचं मूळ जपानी वाद्यात आहे. नाव तेवढं सारखं.)

१९२७ मध्ये तो जर्मनीत होता. १९२८ मध्ये फ्रेड एलिझाल्डेने त्याला लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात घेतलं. हा एलिझाल्डेही बाहेरचाच, मनिलाचा. पुढच्याच वर्षी मंदी आली, बँड सुटला, आणि बोलीवर रस्त्यात उभं राहून गायची वेळ आली. सावरला तो दोन करारांमुळे : दिवसा रे नोबलच्या बँडबरोबर हिज मास्टर्स व्हॉइसच्या स्टुडिओत, रात्री मॉन्सेनर रेस्टॉरंटमध्ये आधी रॉय फॉक्स आणि मग ल्यू स्टोन यांच्या बँडबरोबर. या चार वर्षांत त्याच्या ५०० च्या वर ध्वनिमुद्रिका झाल्या.

१९३४ मध्ये नोबल त्याला न्यूयॉर्कला घेऊन गेला. तिथल्या वादकांच्या युनियनने परका बँड आत येऊ दिला नाही. बोली आणि ड्रमर बिल हार्टी एवढेच बरोबर गेले. बाकी बँड अमेरिकन माणसांचा उभा करावा लागला आणि तो जमवून दिला ग्लेन मिलरने, स्वतःचं नाव व्हायच्या आधी. परदेशात गायकाला वाट मिळते, वादकाला मिळत नाही, याचं हे चांगलं उदाहरण आहे. वादकाची जागा भरायला स्थानिक माणूस असतो. विशिष्ट गळ्याची जागा तशी भरता येत नाही.

स्वतःचा बँड त्याने काढला, १९३७ मध्ये लंडनला परतल्यावर. नाव रेडिओ सिटी ऱ्हिदम मेकर्स. टिकला नाही. त्याच वर्षी स्वरयंत्रावर गाठ आली आणि शस्त्रक्रियेसाठी पुन्हा न्यूयॉर्क गाठावं लागलं. बँडमास्तराचा धंदा गळ्यावर चालत नाही. रोजची बांधलेली जागा, प्रत्येक वाद्याच्या लिहिलेल्या वह्या आणि काम असो नसो चुकवावे लागणारे पगार, यांवर चालतो. जोडीला केन जॉन्सन पाहा : ब्रिटिश गयानातून आलेला नर्तक, वाद्याशी फारसा संबंध नाही, पण वेस्ट इंडियन वादकांचा बँड त्याने लंडनच्या कॅफे द पारीत नीट चालवला, कारण जागा पक्की होती आणि रेडिओ मागे होता. दोघांचा शेवट एकाच वर्षी, जर्मन बॉम्बफेकीत. जॉन्सन ८ मार्च १९४१ ला त्याच कॅफेत वाजवताना गेला, बोली १७ एप्रिलला आपल्या राहत्या घरी.

प्रश्न : इतक्या वाद्यांपुढे हे गायक पुटपुटल्यासारखं गातात, तरी शब्द न् शब्द ऐकू येतो. आमच्या ऑर्केस्ट्रात ओरडूनही आवाज दबतो. (लातूर)

विजेवरचं ध्वनिमुद्रण १९२५ पासून सुरू झालं. त्याआधी गायक कर्ण्यात तोंड घालून ओरडायचे आणि सभागृहात पुठ्ठ्याचा भोंगा धरायचे. बोलीची पिढी माईकची पहिली पिढी. हळू गाणं ही त्यांची लकब नव्हती, माईकने ते शक्य केलं होतं.

पण निम्मं श्रेय लिखाणाचं आहे. गायक गात असताना सॅक्सोफोन खालच्या सप्तकात लांब सूर धरून असतात, ट्रम्पेट गप्प किंवा म्यूट (भोंग्यात बसवायचं, आवाज दाबणारं बूच) लावून, आणि भरणा फक्त ओळीच्या शेवटी, गायक श्वास घेतो त्या जागेत. तुमच्याकडे ट्रम्पेट आणि की-बोर्ड गायकाचीच चाल त्याच्याबरोबर वाजवत असणार. ते आधी बंद करा. म्यूट नसेल तर ट्रम्पेटवाल्याने भोंगा वहीच्या स्टँडकडे वळवून वाजवावं, तेवढ्यानेही धार कमी होते.

माईकचं अंतर बोटांनी मोजा. हळू ओळीला ओठ आणि जाळी यांत चार बोटं, तार सप्तकातल्या सुराला एक वीत. अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो, म्हणून दोन बोटांवरून चार बोटांवर सरकलं तरी फरक मोठा पडतो. फार जवळ गेलात तर खर्ज फुगतो आणि शब्द घुमतात. मग साउंडवाला बास कापतो आणि आवाज पत्र्यासारखा होतो. ‘प’, ‘फ’, ‘भ’ फुटत असतील तर माईक तोंडासमोर न धरता हनुवटीच्या रेषेत, किंचित बाजूला धरा.

जाळी मुठीत पकडायची सवय तर मोडाच. मागचा आवाज टाळण्यासाठी जाळीच्या मागच्या बाजूला वाट ठेवलेली असते. ती झाकली की माईक चहूबाजूंनी ऐकायला लागतो आणि पुढचा स्पीकर शिट्टी मारतो. मग सगळे साउंडवाल्याकडे बघतात.

प्रश्न : आमच्या ब्रास बँडला आता गायक हवा आहे. दोन क्लॅरोनेट, दोन ट्रम्पेट, एक ऑल्टो, एक युफोनियम आहे. पेटीवर पट्टी जुळते, पण बँड लागला की सगळं बेसूर. (परभणी)

बेसूर नाही, वेगवेगळ्या पट्टीत वाजतंय. ट्रम्पेट आणि नेहमीचं क्लॅरोनेट बी-फ्लॅटची वाद्यं आहेत. त्यांनी वहीतला ‘सी’ वाजवला की पेटीवरची काळी पाच ऐकू येते. ऑल्टो ई-फ्लॅटचा, त्याचा ‘सी’ म्हणजे पेटीची काळी दोन. म्हणून प्रत्येकाची वही वेगळी लागते.

रीत अशी : गायकाची पट्टी घ्या. ट्रम्पेट, क्लॅरोनेट आणि पंचम लिपीतल्या (ट्रेबल क्लेफ) युफोनियमला एक पूर्ण सूर वर लिहा. ऑल्टोला तीन अर्धे सूर खाली लिहा. खर्ज लिपीत (बास क्लेफ) वाचणारा ट्रॉम्बोन असेल तर त्याला जसंच्या तसं. समजा गायक काळी दोनमध्ये गातो. ट्रम्पेटच्या वहीत येते पांढरी चार, म्हणजे एकच फ्लॅट (सूर अर्धा उतरवायचं चिन्ह). ऑल्टोच्या वहीत पांढरी एक, एकही चिन्ह नाही. हात मोकळे राहतात.

आता तोच गायक हट्टाने पांढरी तीनमध्ये गायला, तर ट्रम्पेटला सहा शार्प (सूर अर्धा चढवायची चिन्हं) येतात आणि ऑल्टोला काळी एक, म्हणजे पाच फ्लॅट किंवा सात शार्प. लग्नाच्या मांडवात, रात्री दहाला, हे कोणी वाचत नाही. गायकाला अर्धा सूर खाली काळी दोनला किंवा अर्धा सूर वर पांढरी चारला आणा. फुंकीच्या वाद्यांना सोप्या चार पट्ट्या : काळी दोन, पांढरी चार, काळी चार, काळी पाच. परदेशी जाझ बँडही याच पट्ट्यांत रमतात ते याचमुळे. पट्टी ठरवताना मात्र गायकाचा सगळ्यात वरचा सूर तपासा, तोही तालमीच्या शेवटी. ताज्या गळ्यावर ठरवलेली पट्टी तिसऱ्या तासाला दगा देते.

एवढं करून थोडा कणसूर उरला तर तो उन्हाचा. वाद्यातली हवा तापली की पितळी वाद्याचा सूर चढतो, पेटी मात्र जागची हलत नाही. मे महिन्यात सावलीत मिळवलेला ट्रम्पेट वरातीत चढलेलाच असणार. पाच मिनिटं वाजवून मग मिळवा. मुख्य स्लाइड १ सेंटिमीटर बाहेर काढली की नळी २ सेंटिमीटरने वाढते, कारण वळणाचे दोन्ही पाय सरकतात. त्याने सूर साधारण अर्ध्या सुराच्या पाव हिश्श्याइतका उतरतो. क्लॅरोनेटचा वरचा जोड मिलिमीटर-दोन मिलिमीटरच काढा, जास्त काढलात तर गळ्याजवळचे सूर इतरांपेक्षा अधिक उतरतात.

आणि जुन्या बाजारातून घेतलेलं विलायती पितळी वाद्य स्लाइड पूर्ण काढूनही चढं राहत असेल, तर ते जुन्या हाय पिचचं असू शकतं. त्यांचा ‘ए’ ४४० ऐवजी ४५२ च्या आसपास असतो. त्याची नळीच वाढवून घ्यावी लागते, किंवा ते शोभेला ठेवावं.

प्रश्न : ढोलकीवर स्विंग, म्हणजे जाझचा डोलता ठेका, कसा आणायचा? आमचा ठेका कवायतीसारखा वाटतो. (नांदेड)

मात्रेचे दोन सारखे भाग करताय म्हणून. तीन करा, पहिला आणि तिसरा वाजवा, मधला रिकामा सोडा. दादरा हातात असेल तर आठवड्यात जमेल. वजन पहिल्या-तिसऱ्या मात्रेवर न देता दुसऱ्या-चौथ्यावर द्या. तिसरा भाग हलका हवा, जोरात पडला की ठेका लंगडतो. लय मिनिटाला २०० मात्रांच्या पुढे गेली की हे भाग जवळजवळ सारखेच पडू लागतात, तिथे ओढून-ताणून स्विंग करू नये.

प्रश्न : असे परदेशी बँडमास्तर मुंबईतही होते का? त्यांचं आपल्या सिनेसंगीतात काय उतरलं? (जालना)

होते. १९३५ मध्ये व्हायोलिनवादक लिऑन ॲबीचा आफ्रिकन-अमेरिकन बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. पुढे ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथने बँड सांभाळला आणि पियानोवर टेडी वेदरफर्ड होता. हा वेदरफर्ड १९२६ मध्ये शिकागो सोडून आशियात आला, शांघाय-मुंबई करत कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलात बँडमास्तर झाला आणि एप्रिल १९४५ मध्ये तिथेच कॉलऱ्याने गेला.

त्यांच्याकडून गोव्याच्या वादकांनी घेतलं. त्यांतला ठळक माणूस चिक चॉकलेट, मूळ नाव अँटोनिओ झेवियर वाझ. लुई आर्मस्ट्राँगच्या वळणाचा ट्रम्पेट आणि तसाच खरखरीत गळा. गोवा तेव्हा पोर्तुगीजांचा, म्हणजे कागदोपत्री हाही परदेशीच. सी. रामचंद्रांचा तो सहायक होता, आणि १९५१ च्या ‘अलबेला’त त्याचा बँड पडद्यावरही दिसतो. सी. रामचंद्र तर गोदाकाठच्या पुणतांब्यात जन्मलेले. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा लागला, हॉटेलांच्या रात्री ओस पडल्या, आणि पोटासाठी हे वादक आणखी मोठ्या संख्येने सिनेमाच्या स्टुडिओत गेले. लिहिलेल्या वहीवरून वाजवण्याची त्यांची शिस्त तिथे कामी आली.

प्रश्न : जुन्या वाड्याच्या माळवदाखाली ट्रंकेत इंग्रजी नाचगाण्याच्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्या मिळाल्या. लेबलवर बँडचं नाव आहे, गायकाचं नाही. स्वच्छ कशा करायच्या? (बीड)

नाव नाही कारण गायक गौण मानला जायचा. ‘विथ व्होकल रिफ्रेन’ एवढंच छापत. दहा इंची तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. तिच्यात आधी बँड चाल वाजवतो, मग गायक एकदा ध्रुवपद गातो, मग परत बँड. गायक मिनिटभराने आला म्हणून तबकडी बदलू नका.

माळवदाची माती बारीक असते आणि खाचेत बसते. आधी पाणी लावलंत तर चिखल होईल. कोरड्या मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने, गोल, माती काढा. मग कोमट पाण्यात भांडी घासायच्या सौम्य साबणाचा एक थेंब, लेबल कोरडं ठेवून पुसा, साध्या पाण्याने धुवा आणि उभी करून सावलीत वाळवा. स्पिरिट, सॅनिटायझर, कोलन वॉटर चुकूनही नको. तबकडी लाखेची आहे आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, खाच कायमची जाते.

चावीच्या ग्रामोफोनवर लोखंडी सुई दर बाजूला नवी लावा. ती झिजते असं ठरवूनच केलेली असते, आणि दुसऱ्या बाजूला तीच चालवली तर तिची धारदार कड खाच कापते. आजच्या टर्नटेबलवर वाजवणार असाल तर ७८ ची वेगळी सुई घ्या, टोक सुमारे ७५ मायक्रॉनचं. एलपीची बारीक सुई खाचेच्या तळाशी जाऊन नुसती खरखर उचलते. चिरलेली तबकडी चावीच्या ग्रामोफोनच्या पितळी साउंडबॉक्सखाली (सुई धरणाऱ्या डबीखाली) घालू नका, त्याचं वजन शंभर ग्रॅमच्या वर असतं.