दोन लहान मुलं, दिवसभर नोकरी आणि वाढलेलं वजन. सुरुवात कुठून करू?

जिमचा विचार तूर्त बाजूला ठेवा, आधी चहाकडे बघा. दिवसाला चार कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे साधारण ४० ग्रॅम साखर आणि १६० कॅलरी. दर आठवड्याला थोडी थोडी कमी करत गेलात तर जिभेला फारसं जाणवत नाही. दुसरं, मुलांच्या ताटात उरलेलं. वाया जाऊ नये म्हणून आपणच संपवतो (मीही कित्येक वर्षं हेच केलं). त्यापेक्षा त्यांना वाढतानाच कमी वाढा. रात्री भात निम्मा, उसळ जास्त. मुलं क्लासला असताना बाहेर बसून न राहता भरभर चाला. आठवड्याला १५० मिनिटं हवीत, ती तुकड्यातुकड्यांनी केली तरी चालतात. झोप मात्र कापू नका, जागरणाने भूक वाढते.